बुगडी साताऱ्याची, बाई कारवारची

मराठी सिनेमातली तमासगीरीण डोळ्यांपुढे आणा म्हटलं की आमच्या घरात थोरांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना एकच चेहरा दिसायचा, जयश्री गडकरांचा. ढोलकीवर थाप पडली, फडात शिट्ट्या सुरू झाल्या की येणार ती हीच. अख्खा महाराष्ट्र त्यांना सातारा-कोल्हापूरच्या मातीतली बाई समजून चालला होता. आणि जन्म कुठला? कारवारजवळच्या कणसगिरीचा, काळी नदीच्या उत्तरेला, सदाशिवगडाच्या परिसरातला. तारीख २१ फेब्रुवारी १९४२. घरची बोली कोकणी.

ढोलकी ऐकायची तर घाट चढून जावं लागेल अशा मुलखातली मुलगी ढोलकीपटांची राणी झाली, याचं मला पुष्कळ वर्षं नवल वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. का, ते सांगते.

आमच्या वेंगुर्ल्याकडे तमाशा नाही. रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी, आमच्याकडे दशावतार. जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे रात्र चढल्यावर पेटी, मृदंग आणि झांज जमतात. आधी आडदशावतारातला गणपती, मग संकासुराची धमाल, आणि माणसं पेंगायला लागायच्या बेताला खरं आख्यान. ते पहाटेपर्यंत. त्यातली तारामती पुरुष, द्रौपदी पुरुष, मंदोदरीही पुरुषच. लहानपणी मी रंगपटाच्या पडद्याच्या फटीतून तारामती बघितली होती. कानावर बिडी खोचलेली, लुगड्याच्या निऱ्या दोन गुडघ्यांत धरलेल्या, आणि आरशाच्या तुकड्यात बघून गालाला सफेता लावणं चाललेलं. तासाभराने हीच तारामती रोहिदासाच्या मरणावर विलाप करायला लागली आणि माझी आजी पदर तोंडात धरून रडली. ती दरवर्षीच रडायची. तो माणूस दिवसा आमच्या वाडीत नारळ पाडायला यायचा, हे तिला काय ठाऊक नव्हतं?

म्हणजे आमच्याकडे रंगभूमीवरची बाई ही पुरुषाने करायची गोष्ट. घरातल्या बाईने मांडावर पाय ठेवणं कुणाच्या मनातही येत नसे. त्यामुळे चारचौघांसमोर खरीखुरी बाई नाचते आणि गाते, हे दृश्य आमच्या आज्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते पडद्यावर.

तो पडदा बघितला तेव्हाही आमच्याकडे तो थेटरातला नव्हता. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचे. टेंपोतून तो टीव्ही उतरताना गणपतीच्या मूर्तीला धरतात तसा चौघं मिळून धरायचे. खळ्यात सतरंज्या पडायच्या. पहिला चित्रपट म्हाताऱ्यांसाठी, दुसरा बायकांसाठी, आणि मध्यरात्र उलटली की मुलग्यांचा मारामारीचा. चित्र हललं की कुणीतरी खिशातली कोरी नोट काढून हेड पुसायचा आणि पुन्हा मुंग्या जाऊन माणसं दिसायला लागायची. अशाच एका रात्री 'सांगत्ये ऐका' लागला होता.

बुगडीचं गाणं आलं. गदिमांचे शब्द, वसंत पवारांचं संगीत, आशाबाईंचा आवाज. खळ्यातले बापये सरसावून बसले, माझी आजी पण सरसावून बसली, पण कारण वेगळं. तिच्याकडे स्वतःची एक मोत्यांची बुगडी होती कधीकाळी. एका पावसाळ्यात घराचे नळे उडाले तेव्हा ती विकली, आणि कानाच्या वरच्या पाळीतलं भोक तेवढं राहिलं. गाणं संपेपर्यंत आजी गप्प होती. मग म्हणाली, "फिरकी सैल ऱवली तर पडतली नाय तर काय? नाचताना घालूची कित्याक?"

आणि मग, बाजूच्या काकीला कोपर मारून: "ह्यां चेडू कारवाराकडचां. शीत-तिखलां खाऊन वाढललां. तुका काय वाटता, साताऱ्याचां?"

आजीला हे कुठून कळलं असेल कोण जाणे. पण किनाऱ्यावरच्या बायकांना आपलं माणूस कुठल्या गावचं, कुणाच्यात दिलं, सगळं ठाऊक असतं. त्यासाठी पेपर वाचावा लागत नाही.

'सांगत्ये ऐका' १९५९चा, अनंत माने यांचा. पुण्याच्या विजयानंद थेटरात तो अडीच वर्षं चालला. गावच्या पाटलाने नागवलेल्या बाईची मुलगी तमाशात वाढते आणि पाटलाचं पाप चव्हाट्यावर येतं, अशी ती गोष्ट. जयश्रीबाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या. त्याआधीचा प्रवास छोटा, पण खडतरच म्हणायचा. शांतारामबापूंच्या १९५५च्या 'झनक झनक पायल बाजे'त त्या समूहनृत्यातल्या एक मुलगी होत्या. पुढच्या वर्षी 'दिसतं तसं नसतं'मध्ये एक नाच मिळाला. समूहातून पुढे येणं किती अवघड, हे शाळेच्या गॅदरिंगला तिसऱ्या रांगेत नाचलेल्या कुणालाही विचारा. तिथून तीनचार वर्षांत नायिका, आणि तीही अशा चित्रपटाची, ज्याच्या यशाने मराठी सिनेमाला पुढची दहा-बारा वर्षं तमाशाशिवाय दुसरं काही सुचलं नाही. (याचा दोष त्या मुलीला देता येत नाही. निर्मात्यांना देता येतो, आणि मी देते.)

या चित्रपटात त्यांच्या आईच्या भूमिकेत होत्या हंसा वाडकर. आता गंमत बघा. हंसाबाई मूळच्या रतन साळगावकर, घराणं सावंतवाडीकडचं. म्हणजे घाटावरच्या या सगळ्यात गाजलेल्या तमाशापटातली आई सावंतवाडीची आणि लेक कारवारची. मधे गोवा सोडला तर एकाच किनारपट्टीच्या दोन टोकांच्या बायका, आणि पडद्यावर दोघी अस्सल देशावरच्या.

पण दोघींच्या वाटा वेगळ्या. हंसाबाईंचं घराणं कलावंतिणींचं. ते त्यांनी पुढे आत्मकथनात काहीही न लपवता सांगून टाकलं. त्याला नाव याच चित्रपटाचं दिलं, आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला. स्मिता पाटीलला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो त्यातल्या कामासाठी. आमच्या किनाऱ्यावर देवळांच्या आश्रयाने गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची मोठी परंपरा होती. मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, केसरबाई केरीच्या. जगाने त्यांना गानतपस्विनी, सूरश्री म्हटलं. गावाने मात्र त्यांचं नाव घेताना आवाज बारीक केला. आमच्या लहानपणीसुद्धा एखाद्या घराकडे बोट न दाखवता, नुसती हनुवटी वळवून "तेंच्यात गाणां आसा" असं म्हटलं जाई, आणि त्या वाक्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. हंसाबाईंनी ते सगळं भोगलं. २३ ऑगस्ट १९७१ला त्या गेल्या तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

जयश्रीबाईंनी तमासगिरीण केली ती दुरून. त्या फडात जन्मल्या नव्हत्या. खऱ्या फडात त्याच सुमारास विठाबाई नारायणगावकर उभ्या होत्या, तंबू ठोकत, गावोगाव बिदागीवर जगत. विठाबाईंची लावणी आणि सिनेमातली लावणी यांच्यात अंतर होतंच. सिनेमातली जरा धुऊन, इस्त्री करून आलेली. लोकांना तीच हवी होती. सभ्य घरातल्या बायकांना नवऱ्यासोबत, सासूसोबत बसून लावणी बघायची सोय जयश्रीबाईंमुळे झाली, हे खरं आहे. आणि फडातल्या बायकांच्या पानात त्यामुळे काही वाढलं नाही, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टींची बेरीज मला करता येत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते त्यांच्या तोंडच्या भाषेबद्दल.

मागे एकदा गाडीने कारवारला जाणं झालं. पेडणे, म्हापसा, पणजी, मडगाव, काणकोण करत पोळेच्या नाक्यावर गोवा संपतो आणि माजाळी लागते. तिथून सदाशिवगड आलंच. पुढे काळी नदी खूप रुंद होऊन समुद्राला मिळते. तिच्यावरचा जुना पूल २०२४च्या ऑगस्टमध्ये एका रात्री कोसळला, तो हाच. गडाच्या पायथ्याजवळ चहाला थांबलो. टपरीवाला माझ्याशी कोकणीत बोलला. माझी मालवणी आणि त्याची कोकणी, दोघांनाही अडलं नाही. तेवढ्यात एक पोलीस आला, त्याच्याशी कन्नड. ट्रकवाल्याशी हिंदी. मग फोन वाजला, मुंबईचा भाऊ असावा, त्याच्याशी गिरगावातल्यासारखं स्वच्छ मराठी, "अरे, पाठवतो म्हटलं ना उद्या." चहा उकळून वर येईपर्यंत चार भाषा, आणि प्रत्येक भाषेत त्याची मान वेगळी हलत होती. कन्नडमध्ये तो जरा अदबीने वाकत होता. हिंदीत छाती पुढे. भावाशी बोलताना एक पाय बाकावर.

मला तिथे पहिल्यांदा वाटलं, की हिला तमासगीरीण करायला अवघड ते काय गेलं असणार?

आम्ही खाडी ओलांडली की बोली बदलणारी माणसं. घरात एक, शाळेत एक, बाजारात तिसरी. आमच्या मुलांना बाईंसमोर "माका" म्हटलं की हसतात, म्हणून ती पाचव्या-सहाव्या वर्षीच "मला" शिकतात, आणि संध्याकाळी दप्तर टाकलं की पुन्हा "माका". हे नाटक कुणी शिकवत नाही. त्यात तुम्ही नुसते शब्द बदलत नाही, माणूस बदलता. कारवारच्या मुलीवर तर राज्यही बदलायची पाळी आली. १ नोव्हेंबर १९५६ला कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, नेमक्या त्याच वर्षी त्या मराठी पडद्यावर दिसायला लागल्या होत्या. सीमावादाच्या सभांमधून कारवारचं नाव पुढे कितीदा गर्जून निघालं. त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक होतं, की आपण काल रात्री जिच्यावर पैसे उधळावेसे वाटले ती बाई त्याच तालुक्यातली?

भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'मध्ये (१९६५) त्या लोहाराच्या बायकोचं काम करतात. भालजी म्हणजे कोल्हापूर, जयप्रभा स्टुडिओ, आणि मराठीही तिथलीच. ती कोकणी घरातून आलेल्या, मुंबईत वाढलेल्या मुलीला यावी कशी? नीट ऐका. त्या ठासून 'ग्रामीण' बोलत नाहीत. शहरातले नट खेडूत करताना प्रत्येक 'ण'चा 'न' करतात आणि वाक्य संपताना तोंड वाकडं करतात, तसं कुठेही नाही. बोलणं सहज येतं, थोडं खालच्या पट्टीत. आणि ऐरणीचं ते गाणं! आवाज लताबाईंचा, चालही त्यांचीच, 'आनंदघन' नावाने दिलेली. पण ते गाणं मला आठवतं ते त्या भट्टीच्या उजेडातल्या चेहऱ्यासकट. नटवेपणाला पुरेपूर वाव होता, बाईंनी तो घेतला नाही.

त्यांची तमाशापटांतली कामं मी आता पुन्हा बघत नाही. 'सवाल माझा ऐका' लागला तर बघेन, उठून लावणार नाही. 'मानिनी' मात्र लावते. १९६१चा, पुन्हा अनंत मान्यांचाच. कथा महादेवशास्त्री जोशींची, तेही आमच्या शेजारचे, गोव्याचे. गरिबाघरी दिलेली लेक श्रीमंत माहेरी अपमान गिळते, एवढाच जीव त्या गोष्टीचा. त्यात बहिणाबाईंची गाणी आहेत, आशाबाईंनी गायलेली. आमच्याकडच्या बायकांना ती गोष्ट कळायला वेळ लागला नाही, कारण मुंबईला चाळीत राहणारी बहीण आणि गावात भातलावणी करणारी बहीण गणपतीत एकाच घरात उतरल्या, की ताटं वाढताना काय काय होतं ते त्यांनी बघितलेलं होतं. आजी हा चित्रपट बघताना काही बोलली नाही. नंतर दोन दिवस धाकट्या काकीशी मऊ वागली, हे मात्र आईच्या लक्षात आलं होतं. मुंबईची काकी नाराज झाली.

सत्तरीनंतर वारं फिरलं. १९७१ला दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला, पुढच्याच वर्षी 'पिंजरा'. तमाशा पडद्यावरून गेला नाही, पण त्यातल्या बाईकडे बघण्याची नजर बदलली. जयश्रीबाई हिंदीत 'सारंगा'च्या नायिका होऊन आल्याच होत्या, आता पौराणिक चित्रपट आले. 'हर हर महादेव'मध्ये दारासिंग शंकर आणि त्या पार्वती. १९७५ मध्ये त्यांनी बाळ धुरींशी लग्न केलं. १९८६ मध्ये 'अशी मी जयश्री' हे आत्मचरित्र आलं.

आणि लगेच, २५ जानेवारी १९८७च्या रविवारी, 'रामायण' सुरू झालं.

आमच्या वाडीत तेव्हा टीव्ही मोजकेच. अँटेना गोव्याच्या दिशेला फिरवून बांधलेला, आणि पाऊस-वाऱ्यात तो हलू नये म्हणून एक मुलगा कौलांवर बसलेला असायचा. त्या बिचाऱ्याने अख्खं रामायण कानांनीच ऐकलं. बायका आंघोळ करून यायच्या, चपला पायरीखाली काढायच्या. कुणी टीव्हीला हार घातला होता, तो पडद्यावर लोंबत असल्यामुळे रामाचा अर्धा चेहरा झेंडूमागे. दशरथाच्या भूमिकेत बाळ धुरी, कौसल्येच्या जयश्रीबाई. खऱ्या आयुष्यातले नवरा-बायको, हे कळल्यावर तर बायकांना कोण आनंद!

आजी तेव्हा बरीच थकली होती, दिसायचंही कमी. कौसल्या पडद्यावर आली, बायकांनी हात जोडले. आजीने डोळे बारीक केले आणि भरल्या घरात मोठ्याने म्हणाली, "ओळखलंस काय गो कौसल्येक? तांच तां, बुगडी हरवललां!"

कुणीतरी "श्श" केलं. भजनी मंडळातल्या एका बाईंना तर ते लागलंच, देवाच्या आईला असं म्हणतात का म्हणून. आजीला कळेना, आपण वाईट काय बोललो. तिच्या हिशेबात तारामती नारळ पाडू शकत होती, मग कौसल्येने बुगडी हरवली तर बिघडलं कुठे? दशावतार बघत वाढलेल्या माणसाला हा गोंधळ होत नाही. पात्र उभं असेतोवर हात जोडायचे, उतरलं की "चाय घेतलंस काय रे" विचारायचं. गोंधळ झाला तो शिकल्यासवरलेल्यांचा. त्यांना एका बाईच्या अंगावर एकाच वेळी घुंगरू आणि सोवळं बघवेना.

जयश्रीबाईंनी मात्र दोन्ही तितक्याच निगुतीने वागवलं. पुढे त्यांनी चित्रपट दिग्दर्शितही केले, 'सासर माहेर' १९९४चा. कॅमेऱ्यामागे उभ्या राहणाऱ्या बायका मराठीत तेव्हा किती होत्या? २९ ऑगस्ट २००८ला मुंबईत त्या गेल्या. अडीचशेच्या आसपास चित्रपट मागे राहिले. मी पाहिलेल्या त्यांतल्या एकाही चित्रपटात त्या घरच्या बोलीत बोलत नाहीत. लोहारीण झाल्या, फडातली नर्तकी झाल्या, पार्वती झाल्या, राजमाता झाल्या, पण मासे विकणारी, माडाच्या आळ्यात पाणी सोडणारी, "कित्याक गो" म्हणणारी एकही बाई त्यांना कुणी दिली नाही. मराठी सिनेमाला कोकण तेव्हा हवं होतं ते चाकरमानी प्रेक्षक म्हणून. आमची बोली थाटात मुंबईच्या रंगमंचावर गाजली ती १९८०च्या 'वस्त्रहरण'पासून.

सदाशिवगडच्या त्या टपरीवाल्याला मी निघताना विचारलं होतं, जयश्री गडकर ठाऊक आहेत का. त्याने क्षणभर विचार केला. "रामायणातली मगो? कौसल्या?" बुगडी त्याला माहीत नव्हती. त्याच्या वयाच्या माणसाला माहीत असायचं कारणही नाही. मी मोबाईलवर गाणं लावून दाखवलं, त्याने दूध ओततच बघितलं, आणि म्हणाला, ही आमची दिसत नाही. ही घाटावरची.

बाईंना याहून मोठी पावती मिळाली असेल असं मला वाटत नाही. आणि राग पण आला, खरं सांगायचं तर.

अलीकडे आमच्या जिल्ह्यात बायकांनी दशावतार करायला सुरुवात केली आहे. आमच्या जवळच्या एका गावात बचतगटाच्या बायकांचा प्रयोग होता, तो बघायला मी गेले. राजा बाई, राक्षस बाई, संकासुरही बाई. राजाची मिशी घामाने सुटत होती आणि ती दर दोन वाक्यांनी ओठ दाबून चिकटवत होती, पण तलवार फिरवली ती अशी की पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकली. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, उभा जन्म स्त्रीपार्ट केलेले. ते पहिल्यापासून कुरकुरत होते. मध्यंतरात राजा चहा प्यायला खाली उतरला, तेव्हा त्यांनी गाठलंच.

"बायलो राजा झाल्यार आमी काय करूचा? साड्यो नेसान बसूचा?"

राजाने मिशी काढून पदरात बांधली, कपात फुंकर मारली आणि म्हणाला, "इतकी वर्सां नेसलात मां? आता धुवन परत करा."